तिसऱ्या मुलाचा आग्रह आणि पासष्टीतल्या बायका

प्रश्न: "लहानपणापासून ‘दोन पुरेत’ ऐकत आले. आता नेतेमंडळी तीन म्हणायला लागलीत, कारण म्हणे समाज म्हातारा होतोय. सरकारच्या सांगण्याने जन्मदर खरंच वरखाली होतो का? बायका शिकल्या, नोकऱ्या करू लागल्या म्हणून ही वेळ आली, असं आमच्याकडे बोललं जातं. त्यात तथ्य किती? विचारण्याचं कारण घरचंच आहे. मी चव्वेचाळीस वर्षांची, बँकेत नोकरीला, एकच मुलगी. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळल्यात आणि मी नोकरी सोडावी का, यावर घरात रोज बोलणं होतं."

उत्तर: माझं बहुतेक काम मराठवाड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये झालं. आधी कुटुंब नियोजन, पुढे वृद्धांचं आरोग्य. ही दोन खाती सरकारदरबारी वेगळी असली तरी समोर येणाऱ्या बायका बऱ्याचदा त्याच असतात. पंचविशीत ज्यांना ऑपरेशनसाठी जीपमध्ये बसवून आणलं जायचं, त्याच आता काठी टेकत रक्तदाबाच्या गोळ्यांच्या रांगेत उभ्या असतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी याच बायकांच्या बाजूने देणार आहे. तटस्थ आकडेवारी हवी असेल तर ती कुठेही मिळेल.

जन्मदरापासून सुरुवात करू. धोरणाने तो खाली येतो, पण सरकारं जेवढं श्रेय घेतात तेवढा नाही. चीनमध्ये 1970 च्या सुमाराला एका बाईला सरासरी 5.8 मुलं होत. ‘एक मूल’ धोरण 1980 मध्ये पक्कं झालं, तोवर हा आकडा 2.7 च्या आसपास आलाच होता. उशिरा लग्न, दोन मुलांत अंतर आणि मुलं कमी, अशी मोहीम त्या दशकात चालू होती. तिच्यातही दबाव होता, पण मुलींचं शिक्षण आणि गावोगावचे आरोग्यसेवक हेही होतं. जगभर गाजलेली सक्ती आली ती मोठा उतार होऊन गेल्यावर.

आपल्याकडेही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, 1992-93 मध्ये 2.9 होता, 2019-21 मध्ये 1.7 झाला. लोकसंख्या स्थिर राहायला तो 2.1 लागतो. मधल्या काळात राज्याने दोन अटी घातल्या. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेची निवडणूक लढवता येत नाही. आणि 2005 पासून सरकारी नोकरीत शिरताना लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. आता याच्याशेजारी केरळ, तमिळनाडू आणि पश्चिम बंगाल ठेवून पाहा. पंचायतीसाठी अशी अट नसताना त्याच पाहणीत त्यांचे दर 1.8, 1.8 आणि 1.6. मुली शाळेत टिकल्या, लग्नाचं वय वाढलं आणि झालेली मुलं जगू लागली, की बायका आपण होऊन थांबतात. महाराष्ट्रात अर्भक मृत्युदर 1990 च्या सुमाराला हजारी साठच्या घरात होता, 2020 मध्ये 16. ‘दोन गेली तर दोन उरतील’ हा आमच्या आज्यांचा हिशेब त्यामुळे मोडला.

मग त्या निवडणुकीच्या अटीने केलं काय? सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये हरियाणाच्या जावेद प्रकरणात अशी अट वैध ठरवली. त्याच सुमारास निवृत्त सनदी अधिकारी निर्मला बुच यांनी पाच राज्यांत अट लागू झालेल्यांचा अभ्यास केला. त्यांच्या नोंदींत बायको टाकून देणं, गर्भपात, मूल दुसऱ्याच्या नावावर दाखवणं, हे सगळं आहे. महाराष्ट्र त्या पाचांत नव्हता, पण इथल्या कोणत्याही तहसीलमधला जाणता कारकून तुम्हाला यातले प्रकार सांगेल. आमच्याकडे स्थानिक संस्थांत आता निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. म्हणजे पन्नास टक्के आरक्षणाने दार उघडायचं आणि तिसऱ्या मुलाच्या अटीने लावून घ्यायचं. पुरुषालाही अट लागू आहे, हे खरं. पण तिसरं मूल हवं की नको हे त्या घरात कोण ठरवतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला फरक समजावून सांगायला नको.

आणि मुली. मुलं दोनच, पण त्यात एक मुलगा हवाच, असा हिशेब घराघरात बसला आणि त्याची किंमत मुलींनी दिली. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली 1991 मध्ये 946 होत्या, 2011 मध्ये 894 राहिल्या. बीड जिल्ह्यात 807. गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्रानेच 1988 मध्ये केला होता, केंद्राचा 1994 मध्ये आला. एका हाताने कायदा आणि दुसऱ्या हाताने लहान कुटुंबाची घाई, असं ते चाललं.

आता थोडं मागे जाते, कारण आजच्या म्हातारपणाचा धागा तिथे आहे. मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1921 मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा त्यांची भाषा बाईच्या आरोग्याची आणि तिच्या सुखाची होती. राज्यकर्त्यांनी 1952 मध्ये कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आणि त्यात हळूहळू राष्ट्राचं धान्य, राष्ट्राचं उत्पन्न ही भाषा आली. आणीबाणीत ती टोकाला गेली. 1976-77 या एका वर्षात सुमारे 83 लाख नसबंद्या झाल्या, त्यांतले तीन-चतुर्थांश पुरुष. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर 1976 मध्ये तीन मुलं असलेल्या जोडप्यातल्या एकाची सक्तीने नसबंदी करण्याचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं.

1977 मध्ये सरकार पडलं. सगळ्या पक्षांनी त्यातून एकच धडा घेतला, की पुरुषांना हात लावायचा नाही. खात्याचं नाव ‘कुटुंब कल्याण’ झालं आणि कार्यक्रम सगळा बायकांवर आला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी 37.9 टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं आहे. नसबंदी झालेले पुरुष 0.3 टक्के. महाराष्ट्रात बायकांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास. पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी कितीतरी सोपी, कमी जोखमीची. तरीही ‘त्यांना कष्टाचं काम असतं, अशक्तपणा येईल’ हे मी नवऱ्यांपेक्षा सासवांकडून आणि बायकांकडूनच जास्त ऐकलं. त्या बायका बाळंतपणानंतर महिन्याभरात खुरपायला जात होत्या.

मार्च महिना म्हणजे टार्गेटचा महिना. नर्सबाईंना, अंगणवाडीताईंना, एवढंच काय शिक्षकांना ‘केसेस’, म्हणजे ऑपरेशनसाठी बायका, आणायला सांगितलं जायचं. कैरोच्या 1994 च्या लोकसंख्या परिषदेनंतर भारताने 1996 मध्ये कागदावरची टार्गेटं काढली. पण कॅम्प चालूच राहिले. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका कॅम्पमध्ये काही तासांत 83 बायकांची ऑपरेशनं उरकली गेली, आणि तिथल्या त्या दिवसांतल्या कॅम्पांत तेराहून कमी बायका मेल्या नाहीत. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे कॅम्प बंद करायला सांगितलं.

हे सगळं एवढ्या तपशिलात का सांगते? साधारण 1985 मध्ये पंचविशीत ऑपरेशन झालेली बाई आता पासष्टीची आहे. राज्याने जे मागितलं ते तिने दिलं. मुलं कमी, ऑपरेशन स्वतःचं, दुखलं तर दुसऱ्या दिवशी कामावर. तिच्याच जिवावर महाराष्ट्राचा दर 1.7 वर आला. आज समाज म्हातारा होतोय असं म्हणतात, तेव्हा त्या ‘म्हाताऱ्या समाजात’ सर्वांत मोठी संख्या तिचीच आहे, आणि तिच्या म्हातारपणाची तरतूद कुणी केलेली नाही.

2011 च्या जनगणनेत देशात साठीपुढचे 8.6 टक्के होते, महाराष्ट्रात 9.9, गोव्यात 11.2. देशाचं प्रमाण 2036 पर्यंत पंधरा टक्क्यांच्या आसपास जाईल, असा सरकारी अंदाज आहे. वय वाढतं तशा बायका पुरुषांपेक्षा जास्त उरतात. साठीपुढच्या बायकांपैकी जवळपास निम्म्या विधवा होत्या. पुरुषांत बायको गेलेले साधारण सातांत एक. म्हणजे नवऱ्याचं शेवटचं आजारपण बायको काढते, आणि तिचं शेवटचं आजारपण काढायला सून, लेक किंवा कुणीच नाही. जमीन बहुधा मुलांच्या नावे गेलेली. पीएफ, पेन्शन नाही, कारण तिच्या कामाला कुणी काम म्हटलंच नाही.

राज्य तिला देतं ते असं. निराधार असेल आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21 हजारांच्या आत असेल, तर श्रावणबाळ योजनेतून महिना 1,500 रुपये, पासष्टीपासून. त्यात केंद्राचा वाटा 79 वर्षांपर्यंत 200 रुपये. पंधराहून अधिक वर्षं तो आकडा हललेला नाही. 2024 मध्ये आलेली लाडकी बहीण योजनाही 1,500 चीच, 21 ते 65 वयासाठी, अडीच लाखांच्या उत्पन्न मर्यादेत. पासष्टी ओलांडली की बहीण लाडकी राहत नाही, तिला निराधार ठरावं लागतं, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट एकदम अडीच लाखांवरून एकवीस हजारांवर येते. दोन्ही योजना आखणाऱ्यांनी एकमेकांचे कागद पाहिले नसावेत. की पाहिले होते, आणि पासष्टीपुढच्या मतांची तेवढी गरज वाटली नाही?

आता ‘जास्त मुलं’ या नव्या आवाहनाकडे येऊ. ऑक्टोबर 2024 मध्ये आंध्रचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनी जास्त मुलं होऊ द्या म्हटलं, आणि पुढच्याच महिन्यात तिथल्या विधानसभेने स्थानिक निवडणुकांतली दोन अपत्यांची अट रद्द केली. डिसेंबरात नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी तीनची गरज बोलून दाखवली. दक्षिणेतल्या राज्यांना लोकसभेच्या मतदारसंघांच्या फेररचनेची काळजी आहे. ज्यांनी लोकसंख्या आवरली त्यांच्या जागा घटणार, ही तक्रार रास्त आहे. पण तिचं उत्तर फेररचनेच्या नियमात शोधायचं, बायकांच्या गर्भाशयात नाही.

अट काढली हे मला पटलं. ती कधी नकोच होती. पण अट काढणं वेगळं आणि उलट्या दिशेने ढकलणं वेगळं. उलट्या दिशेचा इतिहासही भरपूर आहे. रुमानियात हुकूमशहा चाऊशेस्कूच्या राजवटीने ऑक्टोबर 1966 मध्ये 770 क्रमांकाचा हुकूम काढून गर्भपात जवळपास बंद केला. दुसऱ्याच वर्षी जन्मदर दुप्पट झाला, प्रजनन दर 1.9 वरून 3.7 वर गेला. आणि मग काही वर्षांत पुन्हा घसरायला लागला, कारण बायकांनी चोरवाटा शोधल्या. त्या चोरवाटांवर हजारो बायका मेल्या. मातामृत्यूंत रुमानिया युरोपात सर्वांत वर गेला. डिसेंबर 1989 मध्ये राजवट कोसळल्यावर नव्या सरकारने पहिल्या काही निर्णयांत हा हुकूम रद्द केला.

बाकीचे देश असे हुकूम काढत नाहीत, आवाहन करतात, पैसे देतात. सिंगापूरने 1972 मध्ये ‘दोनवर थांबा’ म्हटलं, 1987 मध्ये ‘परवडत असेल तर तीन किंवा जास्त’ म्हटलं. 2023 मध्ये तिथला दर 0.97 होता. हंगेरीने चार मुलांच्या आईला आयुष्यभर प्राप्तिकर माफ केला. दर थोडा वाढून पुन्हा 1.4 च्या आसपास आला. चीनने 2016 पासून दोन आणि 2021 मध्ये तीन मुलांना परवानगी दिली. 2016 मध्ये तिथे सुमारे 1 कोटी 79 लाख मुलं जन्मली, 2023 मध्ये 90 लाख. दक्षिण कोरियाचं तर विचारूच नका. 2016 च्या डिसेंबरात तिथल्या गृहखात्याने संकेतस्थळावर एक नकाशा टाकला. कुठल्या तालुक्यात मूल होण्याच्या वयाच्या किती बायका आहेत, त्याचा! बायकांनी असा संताप केला की तो लगेच उतरवावा लागला. 2023 मध्ये कोरियाचा दर 0.72 होता. जपानच्या आरोग्यमंत्र्यांनी 2007 मध्ये बायकांना ‘जन्म देणारी यंत्रं’ म्हटलं होतं, त्यांना माफी मागावी लागली. मंत्री तोंडाने बोलले एवढंच. बाकीच्या सरकारांच्या फायली तेच बोलत असतात.

स्वीडनचं उदाहरण वेगळं म्हणून नेहमी दिलं जातं, आणि ते काही अंशी खरंही आहे. 1974 मध्ये त्यांनी आईची रजा मोडून आई-बाप दोघांची रजा केली, 1995 मध्ये एक महिना खास बापासाठी राखला, आता प्रत्येकासाठी 90 दिवस राखीव आहेत. यामागच्या विचाराची एक मोठी शिल्पकार आल्वा मिर्दाल. 1955 ते 1961 त्या भारतात स्वीडनच्या राजदूत होत्या, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या लक्षात नाही. 1930 च्या दशकात त्यांनी मांडलं की बाईला घरी बसवून मुलं वाढत नाहीत. तिला नोकरीही करता आली आणि मूलही वाढवता आलं, तरच ती मूल होऊ देईल. पुढे कित्येक वर्षं युरोपात तसंच दिसलं. जिथे बायका जास्त प्रमाणात नोकरीत होत्या त्या स्वीडन, फ्रान्समध्ये मुलं जास्त आणि जिथे बायका घरी होत्या त्या इटली, स्पेनमध्ये कमी. म्हणजे ‘बायका नोकरी करतात म्हणून जन्मदर पडला’ हे तुमच्या नातेवाइकांचं सूत्र तिथे उलटंच ठरलं. पण गेल्या दहा-बारा वर्षांत स्वीडनचा दरही दीडच्या खाली आलाय. तेव्हा पाळणाघरं आणि बापाची रजा मागायची ती मुलांच्या आणि बायकांच्या भल्यासाठी. त्यातून जन्मदर वाढेल असं आश्वासन मी देणार नाही.

समजा, उद्यापासून प्रत्येक जोडप्याने एक मूल जास्त होऊ दिलं. म्हातारपणाचा प्रश्न सुटेल? 2050 मध्ये जे साठीपुढे असतील ते सगळे 1990 च्या आधी जन्मलेले आहेत. त्यांची संख्या आता कुठल्याही धोरणाने बदलत नाही. नवी मुलं कमावती व्हायला वीस-पंचवीस वर्षं जाणार. तोवर कमावणाऱ्यांवर म्हाताऱ्यांबरोबर या पोरांचाही भार, आणि त्यांच्या आया निदान काही वर्षं कामाबाहेर. ज्या काळात हात कमी पडणार आहेत, त्याच काळात आपण आणखी हात काढून घेणार. त्यापेक्षा आज असलेल्या हातांकडे बघा. 2023-24 च्या श्रमबल पाहणीत पंधरा वर्षांपुढच्या बायकांपैकी 41.7 टक्के कामात किंवा कामाच्या शोधात होत्या, पुरुषांत हाच आकडा 79 च्या जवळ. बायकांचा आकडा 2017-18 मधल्या 23.3 वरून वाढला हे खरं, पण वाढीचा मोठा भाग शेतात आणि घरच्या धंद्यात, बराचसा बिनपगारी. हे अंतर पगारी कामाने थोडं जरी भरलं तरी कमावणारे आजच वाढतात.

शिवाय गाव म्हातारं होतं ते फक्त मुलं कमी झाल्याने नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग घ्या. 2001 ते 2011 मध्ये या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1,122 बायका. चाकरमानी मुंबईला, घरी म्हातारी आई आणि गणपतीला भरणारं घर. तिथे प्रत्येकाने तीन मुलं जन्माला घातली असती तर तीन मुंबईला गेली असती.

खरी चणचण आहे ती सांभाळणाऱ्या माणसांची, आणि ती सगळी चणचण सुनेच्या वेळात भरून काढायची असं आपण न बोलता ठरवून टाकलंय. 2024 च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवताना दिसल्या, ते करणारे पुरुष 88. माणसं सांभाळणाऱ्यांत बायकांची 137 मिनिटं, पुरुषांची 75. केंद्र सरकारच्या नोकरीत बाईला मुलांसाठी 730 दिवसांची संगोपन रजा आहे. पुरुषाला ती फक्त एकटा पालक असेल तर. म्हाताऱ्या आई-बापांसाठी अशी वेगळी रजा कुणालाच नाही. नियम लिहिणाऱ्याने गृहीतच धरलंय की घरी कुणीतरी असेलच.

शहरात ज्यांना परवडतं ते ब्युरोकडून मावशी आणतात. पुण्यात, ठाण्यात पेशंट सांभाळणाऱ्या या मावशी लातूर, नांदेड, यवतमाळकडच्या. बारा तासांची किंवा चोवीस तासांची ड्युटी, ब्युरोचं कमिशन वजा, आजारी पडल्या तर खाडा. प्रशिक्षण म्हणजे पहिल्या घरात जे शिकल्या ते. बेडसोअर होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, नळीतून भरवताना डोकं वर ठेवायचं, हे अनेकींना कुणी शिकवलेलंच नसतं. त्यांच्या स्वतःच्या सासवा गावाला कोण बघतं, असं मी विचारत असते. बहुतेकदा उत्तर येतं, ‘पोरगी बघती’. पोरगी म्हणजे दहावीतली. कागदावर ती शाळा सोडून घरकामात गेलेली एक मुलगी, आणि प्रत्यक्षात राज्याची वृद्धसेवा व्यवस्था.

जपानमध्येही थोरल्या मुलाच्या बायकोनेच सगळं करायचं, अशीच रीत होती. केइको हिगुची यांच्यासारख्या बायकांनी 1980 च्या दशकापासून त्याविरुद्ध चळवळ चालवली, आणि एप्रिल 2000 पासून तिथे काळजीचा विमा आला. चाळिशीपुढच्या प्रत्येकाने हप्ता भरायचा, गरजेची पातळी तपासून घरी मदतनीस, दिवसभराचं केंद्र किंवा संस्थेत जागा मिळायची. तिथेही सेवकांचा तुटवडा आहे, पगार कमी आहेत, तक्रारी आहेत. तरी सांभाळणं हे सुनेचं पुण्यकर्म नसून ज्याचा हप्ता आणि हिशेब ठेवायचा असं काम आहे, एवढं कायद्याने मान्य केलं. जवळचं उदाहरण हवं तर केरळ. 2008 मध्ये त्या राज्याने परिहार सेवेचं, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन आराम देणाऱ्या सेवेचं धोरण केलं. पंचायतीच्या पैशातून नर्स घरोघर जाते, गावातले स्वयंसेवक सोबत असतात. मुलं तिथेही कमी आहेत, म्हातारे आपल्यापेक्षा जास्त आहेत.

आपण आशाताईंवर हेही काम टाकू, अशी भीती मला वाटते. टाकायचं असेल तर आधी त्यांना स्वयंसेविका म्हणणं थांबवून पगार द्या.

तुमच्या घरचं. नोकरी सोडू नका. हे मी स्त्रीवादी आवेशाने म्हणत नाही, हिशेबाने म्हणते. चव्वेचाळिसाव्या वर्षी सोडलेली नोकरी पन्नाशीत परत मिळत नाही. पक्षाघाताचा रुग्ण नीट सांभाळला तर अनेक वर्षं जगू शकतो. तुम्ही तेव्हा पगार, निवृत्तीवेतनाची वर्षं आणि आरोग्यविमा सगळं घालवून बसलेल्या असाल, आणि पाठीशी एकुलती एक मुलगी. घरात चर्चा होते तेव्हा मावशीचा खर्च तुमच्या एकटीच्या पगारातून वजा करतात का, ते बघा. बहुतेक घरांत तसंच करतात आणि मग ‘परवडत नाही’ असं निघतं. तो खर्च तुमचे मिस्टर, दीर, नणंद यांच्यात वाटून लिहा. कायदाही तेच सांगतो. ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा 2007 चा कायदा मुलगा, मुलगी, नातू, नात यांना बांधतो. सून आणि जावई त्यात नाहीत. 2019 च्या दुरुस्ती विधेयकात त्यांना आणायचं ठरलं होतं, पण ते मंजूर झालं नाही. हे भांडणात वापरायला सांगत नाही, पण ‘हे तुझंच काम’ असं कुणी म्हणालं तर ते कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही हे तुम्हाला ठाऊक असावं.

मिस्टरांना आठवड्यातून ठरलेले दिवस अंघोळ, डायपर, कूस बदलणं हे स्वतः करायला लावा. ‘मला जमत नाही’ हे पहिले पंधरा दिवस ऐकू येतं, पुढे जमतं. फिजिओथेरपिस्टला घरी बोलावून व्यायाम मावशीला आणि घरच्या दोघांना शिकवून घ्या. पक्षाघातानंतरचे पहिले महिने यासाठी मोलाचे असतात, त्यामुळे हे या आठवड्यातच करा. सासूबाई सत्तरीपुढच्या आहेत, तेव्हा उत्पन्न कितीही असलं तरी त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी. आधार कार्ड लागतं. ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच चालतं, घरच्या मावशीचा एक रुपयाही त्यातून मिळत नाही. तो खर्च पगारातूनच जाईल, दोघांच्या.